मुख्य परीक्षेचं उत्तर: सात मिनिटांत किती बसतं?

एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025च्या परीक्षेपासून वर्णनात्मक झाली आणि बहुपर्यायी प्रश्नांचे गोळे रंगवण्यात तयार झालेल्या हातांवर पानंच्या पानं लिहायची पाळी आली. नऊ पेपर, 1750 गुण, वर 275 गुणांची मुलाखत, असा सगळा सांगाडा यूपीएससीच्या धर्तीवरचा आहे. तेव्हा सरावही त्याच मापाने करावा. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत तीन तासांत 20 प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतले दहा 10 गुणांचे (150 शब्द) आणि दहा 15 गुणांचे (250 शब्द).

आता हिशेब करा. शब्दमर्यादा पूर्ण भरायची तर 4000 शब्द होतात, म्हणजे तिन्ही तास मान वर न करता मिनिटाला 22 शब्द. मग विचार कधी करणार? म्हणून पहिलं काम स्वतःचा वेग मोजण्याचं. ओळखीच्या विषयावर सलग दहा मिनिटं लिहा, शब्द मोजा, दहाने भागा. वेग 20 आला असं धरू. 10 गुणांना 110 शब्द आणि 15 गुणांना 190 शब्द लिहिले, तर 3000 शब्दांना 150 मिनिटं लागतात आणि प्रत्येक प्रश्नामागे विचाराला दीड मिनिट उरतं. लहान उत्तर सात मिनिटांत, मोठं अकरा मिनिटांत. यात राखीव वेळ शून्य आहे. पहिल्या पाच उत्तरांत दोन-दोन मिनिटं जास्त घालवली की शेवटी एक 15 गुणांचा प्रश्न कोरा राहतो, आणि आवडत्या उत्तरात घुसवलेले जादा चाळीस शब्द ते 15 गुण भरून काढत नाहीत.

वेग कमी पडतो तो बहुधा देवनागरीच्या वळणात. काही जण वाक्य संपल्यावर मागे येऊन पट्टीने मारावी तशी शिरोरेषा ओढतात. शब्द संपला की लगेच, हात न उचलता, आखूड रेघ द्या. अक्षर सुंदर नसलं तरी चालेल, पण ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे वाचता आले पाहिजेत.

दीड मिनिटात करायचं काय? 10 गुणांचा एक प्रश्न घेऊ: ‘महाराष्ट्रात दुष्काळ वारंवार का पडतो? त्यावरील उपाययोजना कितपत परिणामकारक ठरल्या, याचे मूल्यमापन करा.’ यात मागण्या दोन आहेत आणि दुसरी जड आहे. ‘मूल्यमापन’ म्हणजे योजनांची यादी नव्हे. काय साधलं, काय राहिलं आणि तुमचा कौल काय, हे तिन्ही हवं. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. कारणं तोंडपाठ असतात म्हणून त्यांवर 80 शब्द जातात आणि मूल्यमापन तीन ओळींत आटोपतं.

110 शब्दांची वाटणी आधीच ठरवा. प्रस्तावना एकच वाक्य: सह्याद्रीच्या पूर्वेचा पर्जन्यछायेचा पट्टा आणि पाणी कमी साठवणारा बेसाल्ट खडक. दुष्काळाची व्याख्या नको, ती परीक्षकाला माहीत आहे. उरलेली कारणं 30 शब्दांत: लहरी मान्सून, उसाखालचं क्षेत्र, बेसुमार विंधनविहिरी. मूल्यमापनाला 55 शब्द ठेवा. 1972च्या दुष्काळातून आकाराला आलेल्या रोजगार हमीला 1977च्या कायद्याचा आधार मिळाला, मजुरी मिळाली. जलयुक्त शिवार या राज्याच्या जलसंधारण योजनेतून नाले रुंद झाले, पण भूजल वाढवण्यात योजना कमी पडल्याचं कॅगने (सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने) नोंदवलं. हिवरे बाजार या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली आणि तिथे फरक दिसला. शेवटी एका वाक्यात कौल: साठवणुकीइतकंच उपशाचं नियमन महत्त्वाचं. सोबत महाराष्ट्राचा नकाशा हवाच. वीस सेकंदांत काढता येईल इतका गिरवून ठेवा आणि पर्जन्यछायेचा पट्टा रेघांनी भरा.

मुद्दे पाडून लिहा, पण ‘लोकसंख्यावाढ’, ‘हवामानबदल’ असे सुटे शब्द ठेवू नका. मुद्द्यापुढे ‘त्यामुळे काय झालं’ हे अर्ध्या ओळीत आलंच पाहिजे.

यूपीएससी मराठीतून देणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे: सामान्य अध्ययनाची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. इंग्रजी प्रश्न आधी वाचा, हिंदी फक्त पडताळ्याला. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, हे घरी हसण्यावारी जातं, परीक्षेच्या घाईत जात नाही. तांत्रिक संज्ञेचा इंग्रजी प्रतिशब्द कंसात द्यायची मुभा आहे, ती संज्ञेपुरतीच. अख्खी वाक्यं इंग्रजीत घातली तर गुण कापले जातात. ‘राजकोषीय तूट’, ‘महसुली तूट’ अशा दीडएकशे शब्दांची वही करा आणि तीच रूपं शेवटपर्यंत वापरा.

वेळापत्रक साधं ठेवा. रोज दोन उत्तरं, घड्याळ लावून. रविवारी दहा प्रश्न (पाच लहान, पाच मोठे) नव्वद मिनिटांत. शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याला एक पूर्ण पेपर, सकाळीच, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. ‘आधी अभ्यासक्रम संपवतो, मग लिहितो’ म्हणणाऱ्यांचा अभ्यासक्रम संपत नसतो. घटक वाचून झाला की त्याच संध्याकाळी त्यावरचा जुना प्रश्न लिहा.

तपासताना उत्तर दोन दिवस बाजूला ठेवा. मग लाल पेनाने प्रश्नातल्या प्रत्येक मागणीला 1, 2 असे आकडे द्या आणि उत्तरात ती जिथे पुरी झाली तिथे तोच आकडा लिहा. एखादा आकडा सापडलाच नाही, तर उत्तर पुन्हा लिहायचं, तेही सात मिनिटांतच.