मतभेद की खोटी शिकवण? आधी वजन पाहा

आजी शरणपूरच्या मंडळीत (चर्चमध्ये), जावई मेथडिस्ट, नातू सिडकोतल्या घरगुती संगतीत आणि फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला अर्धे घर, असे कुटुंब नाशिकच्या ख्रिस्ती लोकांना नवे नाही. अशा घरात वाद होणारच. पण कोणता वाद चहाबरोबर संपवायचा आणि कोणत्या शिकवणीला उंबऱ्यावरच अडवायचे, हे ओळखता यायला हवे.

पहिले काम कागदावरचे. जे खटकले ते बोलणाऱ्याच्याच शब्दांत एका वाक्यात लिहा आणि त्याने दिलेले वचन शेजारी मांडा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावरून निकाल देऊ नका. पूर्ण उपदेश ऐका. मग तो सगळा अध्याय वाचा, जमल्यास बायबल सोसायटीचे भाषांतर आणि पंडिता रमाबाईंचे भाषांतर शेजारी ठेवून. बिरुया गावच्या लोकांनी प्रेषित पौलाचे बोलणेही शास्त्रात ताडून पाहिले होते (प्रेषितांची कृत्ये 17:11), मग तुमच्या पाळकांना राग यायचे कारण नाही.

आता ते वाक्य विश्वासांगीकाराशी, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या मूळ कबुलीशी, लावून पाहा. देव एक, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, येशू खरा देव आणि खरा मनुष्य, आपल्या पापांसाठी मरण, पुरले जाणे, तिसऱ्या दिवशी उठणे (1 करिंथ 15:3-4), तारण कृपेने. यातले काही हलत असेल तर तो मतभेद नव्हे. इथे फसगत होते ती शब्द तेच राहतात आणि अर्थ बदलतो म्हणून. ‘येशू देवाचा पुत्र आहे’ हे चौथ्या शतकातल्या एरियस या धर्मगुरूलाही मान्य होते, पण पुत्र निर्माण झालेला आहे असे तो म्हणे, आणि 325 साली निकेयाच्या परिषदेने त्याला नाकारले ते त्यासाठीच. म्हणून ‘येशूला मानता का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘तो अनादी आहे की निर्माण झालेला?’ असे विचारा. उत्तर गोल गोल आले तर तोच प्रश्न पुन्हा विचारा.

विश्वासांगीकाराला धक्का नसेल तर बरेच ओझे उतरते. लहान मुलांचा बाप्तिस्मा की मोठेपणी पाण्यात बुडवून? सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून उभी राहिली. त्यांत अँग्लिकनही होते आणि बाप्तिस्टही, आणि तिथे दोन्ही पद्धतींना जागा आहे. प्रभुभोजनाला वाईन की साधा द्राक्षरस, टाळ्या की ऑर्गन, मंगळसूत्र घालावे की नाही, शेजारच्यांनी आणलेला प्रसाद घ्यावा की नाही, हे सगळे रोमकरांस पत्राच्या 14 व्या आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 8 व्या अध्यायातले प्रश्न आहेत. प्रसाद नाकारणाऱ्याने घेणाऱ्याला बाटगा म्हणू नये, घेणाऱ्याने नाकारणाऱ्याला कर्मठ म्हणू नये.

या दोहोंच्या मधलीही एक रांग आहे. संतांकडे मध्यस्थी मागणे, पाळकपदी स्त्रिया, प्रभुभोजनात ख्रिस्त नेमका कसा हजर असतो, असे प्रश्न. हे लहान नाहीत. यांच्यामुळे मंडळ्या वेगळ्या झाल्या आणि अजूनही वेगळ्या आहेत. तरी वेगळ्या मंडळीत बसणारा माणूस आपोआप खोटा शिक्षक ठरत नाही.

सगळ्यात उपयोगी प्रश्न मात्र हा: ‘त्याशिवाय तारण नाही, असे तुम्ही म्हणता का?’ गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांत भांडण सुंता वाईट की चांगली याचे नव्हतेच. ख्रिस्त अधिक सुंता, असा हिशेब मांडला गेला तेव्हा पौल खवळला. मोठेपणी बुडवून बाप्तिस्मा घ्यावा, हे एक मत झाले. ‘आमच्या पास्टरच्या हातून घेतला नाही तर नरक’ ही खोटी शिकवण झाली. पद्धत तीच, पण तिच्यावर ठेवलेले वजन वेगळे. बांगड्या काढणे, शनिवार पाळणे, आत्म्याने भरून अन्य भाषांत बोलणे, सगळ्यांना हेच माप लावा.

दोन गोष्टींत मात्र वेळ घालवू नका. एक, ‘विश्वास असेल तर इन्सुलिन बंद कर’. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, सहकारी त्रफिमाला मिलेत शहरात आजारी ठेवून तो पुढे गेला, आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता. प्रार्थना करा, डोस चुकवू नका. दुसरे पैशाचे: दशमांश देणे हा भक्तीचा भाग असू शकतो, पण ‘अमुक रकमेचे बीज पेर, शंभरपट मिळेल’ हा सौदा आहे. देवाचे दान पैशाने घ्यायला निघालेल्या शिमोनाला पेत्राने काय सुनावले, ते प्रेषितांची कृत्ये 8:20 मध्ये वाचा. प्रभूच्या येण्याची तारीख सांगणाऱ्यासाठी मत्तय 24:36 पुरेसे आहे.

बोलायचे कसे? आधी एकट्याने, समोरासमोर. प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने अपुल्लो या उपदेशकाला जवळ घेऊन समजावले; त्याची शिकवण अपुरी होती, खोटी नव्हती, आणि निम्मी प्रकरणे अशीच निघतात. ऐकले नाही तर दोघा-तिघांना घेऊन, मग पास्टरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) किंवा धर्मगुरूंपुढे तो लिहिलेला कागद ठेवा. फॅमिली ग्रुपवर पहिला मेसेज टाकला की माणूस शिकवणीचा विचार सोडून स्वतःची इभ्रत सांभाळू लागतो.

एक-दोनदा बजावूनही तो तेच शिकवत राहिला तर तीताला पत्र 3:10 प्रमाणे दूर राहा. योहानाच्या दुसऱ्या पत्रात अशाला घरात घेऊ नका असे आहे, पण तेव्हा मंडळ्या घरांतच भरत, हे ध्यानात ठेवा. म्हणजे त्याच्या सभेसाठी तुमचा हॉल, सतरंजी आणि माइक द्यायचा नाही. भाचा म्हणून तो दुपारी आला तर ताट वाढायचेच.