ओपनबॉक्स लावताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि सेवा केंद्रांत २ जीबी रॅमची मशीन अजून रोज सातबारा छापताहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनवर विंडोजऐवजी डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकून ओपनबॉक्स लावायचा विचार चांगलाच आहे. पण मग फोन येतो, "भो, स्क्रीनच काळी झाली!"

काही बिघडलेलं नसतं. ओपनबॉक्स हा विंडो मॅनेजर, डेस्कटॉप नव्हे. खिडक्यांना चौकट देणं, त्या हलवणं, मोठ्या-लहान करणं एवढंच त्याचं काम. पॅनल नाही, वॉलपेपर नाही. रिकाम्या जागी उजवं क्लिक करा, मेनू उघडतो. खाली पट्टी हवी असेल तर टिंट२ वेगळं टाकायचं. दुकानातल्या पोराला पट्टीशिवाय जमणारच नसेल, तर सरळ आइसडब्ल्यूएम हा दुसरा विंडो मॅनेजर घ्या, त्यात ती आधीपासून असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधीचा एक्सएफसीई, म्हणजे पॅनल-वॉलपेपरसकटचा पूर्ण डेस्कटॉप, उत्साहाने काढून टाकणं. तो राहू द्या. सुरू नसलेला डेस्कटॉप रॅम खात नाही, थोडी डिस्क अडवतो इतकंच. लॉगिनच्या पडद्यावर सेशन निवडता येतं, त्यामुळे ओपनबॉक्स रुसला तरी गिऱ्हाईक खोळंबत नाही.

पुढची गफलत ऑटोस्टार्ट फाइलमध्ये, म्हणजे लॉगिन होताच काय काय सुरू करायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये होते. पॅनलसारख्या सतत चालणाऱ्या प्रोग्रामच्या ओळीशेवटी & हे चिन्ह राहून जातं. मग पॅनल दिसतं, पण त्याच्या खालच्या ओळींतलं नेटवर्कचं चिन्ह, वॉलपेपर काहीच येत नाही, कारण पॅनल बंद होईपर्यंत फाइल तिथेच थांबते. लॉगिनच्या पडद्याऐवजी टर्मिनलवरून स्टार्टएक्स या कमांडने सुरू करणाऱ्यांसाठी आणखी एक: एक्सइनिट फाइलमध्ये नुसतं 'ओपनबॉक्स' लिहिलं तर ऑटोस्टार्ट वाचलीच जात नाही, तिथे 'ओपनबॉक्स-सेशन' लागतं.

सेटिंगची मूळ फाइल सिस्टीमच्या फोल्डरात खरडू नका. ती आपल्या होममधल्या कॉन्फिग फोल्डरात कॉपी करा, तीही सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवायची कमांड) न लावता. सुडोने केलेली कॉपी रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या मालकीची होते आणि मग आपल्यालाच सेव्ह होत नाही.

आता डेस्कटॉप गुपचूप करायचा ती कामं. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. लॅपटॉप बॅटरीवर गेला की एक्सएफसीई वेळेत सांगतो. ओपनबॉक्स सांगत नाही, अर्धा भरलेला फॉर्म घेऊन मशीन थेट बंद पडतं. एक्सएफसीईचाच पॉवर मॅनेजर ऑटोस्टार्टमध्ये टाका. सूचना दाखवायला डन्स्ट हा छोटा प्रोग्राम हवा. पासवर्ड विचारणारी खिडकी यायला पोलकिटचा एजंट हवा, नाहीतर ॲडमिनचा पासवर्ड लागणारं काम कारण न दाखवता नाकारलं जातं आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

मराठीचं काय? अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट नाही; लोहित किंवा नोटो टाका. पण ग्रामपंचायतीच्या जुन्या फाइलीत चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर ती फाइल श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली आहे. त्याला तोच फॉन्ट किंवा कन्व्हर्टर लागतो, ओपनबॉक्सला शिव्या देऊन उपयोग नाही. कीबोर्डचं इनस्क्रिप्ट डेस्कटॉपच्या सेटिंगमधून लावलेलं असेल तर ते इथे लागू होत नाही. ते बदलणारी सेटएक्सकेबीमॅपची ओळ ऑटोस्टार्टमध्ये पुन्हा लिहावी लागते.

पारदर्शक खिडक्यांचा मोह जुन्या ग्राफिक्सवर टाळाच. तसा परिणाम देणारा पिकॉम हा प्रोग्राम फक्त व्हिडिओ फाटल्यासारखा दिसत असेल तर लावून बघा.

एवढं करूनही लॉगिन होताच परत लॉगिनवरच फेकलं गेलात, तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या टर्मिनलवर जा आणि होम फोल्डरमधली एक्ससेशन-एरर्स नावाची लपलेली फाइल शेवटाकडून वाचा. आधी डिस्क भरलेली नाही ना, तेही बघा. होममध्ये लिहायला जागा उरली नसली तरी हाच प्रकार होतो.

आणि सगळं सुरळीत असूनही मशीन रखडत असेल तर कोण किती रॅम खातंय ते दाखवणारं एचटॉप उघडा. बहुतेक वेळा ब्राउझरच्या टॅबांनी रॅम खाल्लेली असते, आणि तिथे कुठलाच विंडो मॅनेजर मदतीला येत नाही. रॅम मोकळी असूनही रखडतंय? मग जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा.