चक बेरीचं चरित्र लिहायचं तर

चक बेरी म्हणजे रॉक अँड रोलचा अमेरिकन गायक-गिटारवादक. त्याची गाणी नंतर ऐका, आधी वही काढा. चार रकाने आखा: तारीख, घटना, सांगणारा कोण, कागद कुठला. बेरीनं 1987च्या आत्मचरित्रात सांगितलेलं आणि कोर्टाच्या निकालात असलेलं यांची सरमिसळ झाली की पुढे काही सुटं करता येत नाही.

"तुरुंगात जाऊन आला" एवढ्यावर भागवू नका. शिक्षा तीन आहेत. 1944ची दरोड्याची, शाळकरी वयातली. सुधारगृहातून तो एकविसाव्या वाढदिवशी सुटला. 1979ची करचुकवेगिरीची, चार महिन्यांची. तिचं मूळ त्याच्या दौऱ्यांत सापडतं: स्वतःचा बँड नाही, गावोगावचे वादक, तालीम नाही आणि स्टेजवर चढण्याआधी रोख पैसे हातात.

मधली शिक्षा जपून लिहा. 14 वर्षांच्या मुलीला अनैतिक हेतूनं राज्याच्या हद्दीपार नेल्याचा हा गुन्हा, अटक 1959ची. पहिल्या खटल्यातल्या न्यायाधीशाची वंशद्वेषी शेरेबाजी पाहून अपील कोर्टानं निकाल रद्द केला. फेरखटल्यातही ज्युरीनं दोषीच ठरवलं आणि 1962-63 मध्ये तो आत होता. चाहते अर्धी गोष्ट सांगतात, टीकाकार उरलेली अर्धी. तुम्ही दोन्ही एकाच परिच्छेदात ठेवा. 'लफडं', 'प्रेमप्रकरण' हे शब्द इथे खोटे आहेत. मुलीचं नाव गाळा, वय गाळू नका.

खरी मेहनत गाणी कुणी रचली, या श्रेयाच्या प्रकरणात आहे. 'मेबलीन' या गाण्याच्या (1955) श्रेयात बेरीसोबत रेडिओवाला अ‍ॅलन फ्रीड आणि रेकॉर्ड कंपनीचा जागामालक रस फ्रॅटो घुसले. ती नावं निघायला 1986 उजाडलं. इथे लुबाडला गेला तो बेरी. पण गाण्यांच्या रचनेत आपलाही वाटा आहे, हा पियानोवादक जॉनी जॉन्सनचा दावा बेरीविरुद्ध होता. 1952च्या अखेरीस बेरी वाजवायला आला तो जॉन्सनच्या बँडमध्ये. बेरीचं 'जॉनी बी. गुड' हे गाणं बी फ्लॅट या पट्टीत आहे. गिटारवाला मोकळ्या तारांसाठी सहसा ई किंवा ए धरतो; बी फ्लॅट पियानोच्या बोटांना सोयीचा. हा धागा आहे, पुरावा नव्हे. जॉन्सननं 2000 साली दावा लावला, 2002 मध्ये तो मुदत उलटल्यामुळे निकाली निघाला. "कोर्टानं बेरीला एकटा रचनाकार ठरवलं" असं लिहिलंत तर चुकलात.

हेच 'जॉनी बी. गुड' 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीवरून अंतराळात गेलं. त्यावरचा पियानो मात्र जॉन्सनचा नाही, लाफायेट लीकचा आहे. इथे भलेभले घसरतात.