टारबॉल सोडण्याआधी आत डोकावा

लिनक्सवर नव्याने येणाऱ्यांना मी आधी एकच सांगते: जे ॲप्टमधून (उबुंटू-डेबियनची सॉफ्टवेअर टाकणारी-काढणारी आज्ञा) मिळतं, ते तिथूनच घ्या. एका ओळीत काम होतं आणि पुढचे अपडेटही त्याच वाटेने येतात. टारबॉलच्या वाटेला, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ कोडचं गाठोडं उतरवून तो स्वतः बांधायच्या वाटेला, जायचं ते खरंच गरज असेल तर.

मला गरज पडली नॅनो या एडिटरमुळे. उबुंटू २४.०४ मध्ये त्याची ७.२ आवृत्ती येते. २०२४ च्या मे महिन्यात ८.० निघाली आणि तिच्यात कंट्रोल-सीने कॉपी, कंट्रोल-व्हीने पेस्ट करायची सोय आली. मला तीच हवी होती. उतरवलेल्या फाइलच्या नावाला दोन शेपट्या होत्या, आधी टार आणि मग एक्सझेड. ही दोन वेगळी कामं आहेत. टार फक्त सगळ्या फाइलींचं एक गाठोडं बांधतो. हे नाव चुंबकीय टेपवर साठवण करायच्या काळातलं. गाठोडं दाबून लहान करण्याचं काम एक्सझेडचं. जुन्या लेखांत जीझिपसाठी झेड, बीझिपसाठी जे अशी अक्षरं पाठ करायला सांगतात. आजचा टार फाइल सोडताना प्रकार स्वतःच ओळखतो, त्यामुळे टार एक्सएफ आणि पुढे फाइलचं नाव एवढं पुरतं.

पण एक्सएफच्या आधी टीएफ चालवा. आत काय आहे याची फक्त यादी दिसते, काहीच सुटत नाही. नॅनोच्या आधी एकदा मी कुठलंसं गाठोडं थेट होम फोल्डरमध्ये सोडलं होतं. आतल्या फाइलींना स्वतःचा फोल्डरच नव्हता. शे-दीडशे फाइली माझ्या कागदपत्रांत मिसळल्या आणि त्या वेचण्यात सगळी संध्याकाळ गेली. यादीत प्रत्येक ओळ एकाच फोल्डरच्या नावाने सुरू होत असेल तर निर्धास्त सोडा. नसेल तर आधी रिकामा फोल्डर करा.

आत रीडमी आणि इन्स्टॉल नावाच्या फाइली असतात. त्या वाचायच्याच. मग टर्मिनलमध्ये टिंब, तिरकी रेघ आणि कॉन्फिगर. टिंब म्हणजे 'मी आत्ता आहे तो फोल्डर'. ते दिलं नाही तर शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) इथे शोधतच नाही.

कॉन्फिगर तुमचं मशीन तपासतो, आणि बहुतेक जण इथेच हात टेकतात. माझ्याकडे तो पहिल्यांदा थांबला तो सी कंपायलर (सी भाषेतल्या कोडचा चालता प्रोग्रॅम करणारं साधन) नाही म्हणून. बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज टाकलं, प्रश्न मिटला. दुसऱ्यांदा तो एनकर्सेस या टर्मिनलवर मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीवर अडला. मी चक्रावले, कारण एनकर्सेस माझ्याकडे होतं! जुना नॅनो त्याच्याच जोरावर चालत होता. पुष्कळ वेळाने कळलं की प्रोग्रॅम चालवायला लागते ती लायब्ररी आणि प्रोग्रॅम बांधायला लागतात त्या हेडर फाइली (लायब्ररीत काय काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या), ही वेगवेगळी पॅकेजं असतात. उबुंटू-डेबियनमध्ये अशा पॅकेजच्या नावाशेवटी डेव्ह येतं, फेडोरात डेव्हल. लिब-एनकर्सेस-डेव्ह टाकल्यावर कॉन्फिगर सुरळीत पार पडला. एवढी एक गोष्ट कळली की 'अमुक सापडलं नाही'वाल्या निम्म्या तक्रारी तुम्हीच सोडवाल.

पुढे प्रोग्रॅम बांधणारी मेक ही आज्ञा, आणि शेवटी सूडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून मेक इन्स्टॉल. सूडो फक्त या शेवटच्या पायरीला. आधीच्या पायऱ्यांना ते लागत नाही, म्हणून लावूही नये. आपण परक्याने लिहिलेल्या स्क्रिप्ट चालवत असतो, हे विसरू नका. मार्च २०२४ मध्ये खुद्द एक्सझेडच्याच ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार (बॅकडोअर) सापडलं होतं, आणि ते जागं करणारा तुकडा गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हता, फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होता. लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरनी चिकाटीने शोधलं म्हणून ते उघड झालं. तेव्हा फाइल मूळ प्रकल्पाच्या जागेवरूनच घ्या, सोबत डिजिटल सही दिली असेल तर तीही पडताळा.

सगळं झाल्यावर मी आवृत्ती विचारली, तर उत्तर ७.२! नवा नॅनो युझर-लोकलखालच्या बिनमध्ये नीट बसला होता, पण त्या टर्मिनलच्या बॅशने (माझ्या शेलने) जुन्या नॅनोचा पत्ता लक्षात ठेवला होता. हॅश, मग वजा आर, एवढं टाइप केलं आणि ८.० दिसलं. नवं टर्मिनल उघडलं असतं तरी चाललं असतं.

सोडलेला फोल्डर मात्र पुसू नका. असं टाकलेलं सॉफ्टवेअर ॲप्टच्या वहीत नसतं, त्यामुळे ॲप्ट ते काढूही शकत नाही. नॅनो काढायचा असेल तर त्याच फोल्डरमध्ये जाऊन सूडो मेक अनइन्स्टॉल म्हणावं लागतं. मी होममध्ये सोर्स नावाचा एक फोल्डर केलाय. सोडलेली सगळी गाठोडी तिथेच, आवृत्तीच्या आकड्यासकट ठेवलेली आहेत.