फिल्म विझली, पण कशामुळे? वाफ ओळखणाऱ्या रेणूंबाबत या चुका टाळा

काही रेणू यूव्ही (अतिनील) दिव्याखाली चमकतात. त्यांचा पातळ थर, म्हणजे फिल्म, स्फोटकाची वाफ लागली की विझतो आणि त्यावरून वाफ ओळखतात. त्यातल्या टेट्राफिनाइलइथिलीनचं टीएचएफ या द्रावकातलं द्रावण मात्र दिव्याखाली जवळपास काळंच दिसतं. 'संयुग खराब झालं' म्हणून ते ओतून दिलेलं मी पाहिलंय आणि हळहळलोही आहे, कारण संयुग ठणठणीत होतं. विरघळलेल्या रेणूची फिनाइल वलयं मोकळी फिरतात, घेतलेली ऊर्जा त्या फिरण्यातच जाते. त्यात भरपूर पाणी घाला, रेणू एकत्र येतील आणि निळसर उजेड दिसेल. फ्लुरोसिन या चमकणाऱ्या रंगद्रव्याचं नेमकं उलट: विरळ द्रावणात झगझगीत, दाटीत मंद. म्हणून द्रावणातली चमक पाहून फिल्मसाठी रेणू निवडू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक पिक्रिक आम्ल या स्फोटकाची. द्रावणात ते घातलं, चमक गेली, लगेच 'स्फोटकाचा संवेदक तयार'! अहो, पिक्रिक आम्ल पिवळं आहे. 365 नॅनोमीटरचा प्रकाश ते स्वतःच शोषतं, मग तुमच्या रेणूपर्यंत पोचणार काय? खात्री करणं सोपं आहे. आम्लाचं द्रावण वेगळ्या क्युव्हेटमध्ये (मोजमापाच्या पारदर्शक कुपीत) भरून दिव्याच्या वाटेत ठेवा. रेणूला आम्लाचा स्पर्शही नसताना चमक घटली, तर ती घट निव्वळ गाळणीची, म्हणजे आम्लाने दिव्याचा प्रकाश अडवल्याची. लाइफटाइम (रेणू उत्तेजित राहण्याचा काळ) बदलला नाही एवढ्यावरून स्थिर क्वेंचिंग (आम्लाने रेणूला आधीच चिकटून चमक विझवणं) ठरवू नका, गाळणीमुळेही तो बदलत नाही. आणि हे आम्ल कधीही कोरडं पडू देऊ नका, त्याचा स्फोट होऊ शकतो.

शिवाय द्रावणातला निकाल वाफेला लावता येत नाही. नेहमीच्या तापमानाला टीएनटी या स्फोटकाची वाफ हवेत जेमतेम काही पीपीबी (अब्जात काही भाग) असते, पिक्रिक आम्लाची त्याहूनही कमी. स्फोटकाच्या बाटलीत फिल्म टांगून ती मिनिटभरात विझली, तर आधी भुकटीचा कण चिकटला का ते बघा.

कोरी चाचणी, म्हणजे स्फोटकाशिवाय केलेली, तर हवीच. डायक्लोरोमिथेन या द्रावकाच्या नुसत्या वाफेनेही टेट्राफिनाइलइथिलीनचा ठिपका विझतो आणि वाफ उडाली की परत उजळतो. तसंच वाफ न देता फिल्म तेवढाच वेळ दिव्याखाली ठेवून पाहा, कारण काही रेणू उजेडानेच झिजतात.

365 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजित केल्यावर मोजणीत 730 नॅनोमीटरजवळ टोकदार शिखर दिसलं, तर तो रेणूने दिलेला नवा प्रकाश नव्हे. ग्रेटिंगमधून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या जाळीतून) दुप्पट तरंगलांबीच्या जागी दुसऱ्यांदा आलेला दिव्याचाच प्रकाश असतो तो. डिटेक्टरपुढे लाँगपास फिल्टर (फक्त लांब तरंगलांबीचा प्रकाश जाऊ देणारा) लावा, ते शिखर जाईल.