सालागू, साँ-गियेम आणि लारझाकचं पठार: दक्षिण फ्रान्सच्या खेड्यांत चार दिवस कसे फिरावे

मोंपेलिए शहरातून वायव्येला निघालं की तासाभराच्या टप्प्यात चार ठिकाणं येतात. लाल मातीत अडवलेलं सालागूचं पाणी, मूरेझचे दगडी सुळके, बाराशे वर्षं जुन्या मठाचं साँ-गियेम-ल-देझेर आणि वर लारझाकच्या पठारावर तटबंदीत बसलेलं ला कुव्हर्त्वाराद. नकाशा पाहून वाटतं की एका दिवसात सगळं उरकेल. उरकतंही, पण मग वाहनतळ आणि दुपारची बंद दारं एवढंच पाहून होतं. चार दिवस द्या आणि मुक्काम एकच ठेवा.

मुक्कामासाठी क्लेर्मों-लेरो हे छोटं गाव सोयीचं आहे. सालागू तिथून पाच-सहा किलोमीटरवर, मूरेझ आठ, साँ-गियेम अर्ध्या तासावर आणि ला कुव्हर्त्वाराद पाऊण तासावर. गावात सुपरमार्केट आहे, पेट्रोलपंप आहे आणि दर बुधवारी सकाळी मोठा आठवडी बाजार भरतो. बुधवार गाठता आला तर गाठाच. मात्र आदल्या संध्याकाळी गाडी कुठे लावताय ते नीट बघा. बाजाराच्या रस्त्यांवर ‘स्तासिओनमाँ अँतेर्दी’ म्हणजे वाहन उभं करायला मनाई असे फलक असतात आणि वार-वेळ त्यावरच छापलेली असते. ती वाचली नाही तर सकाळी गाडीच्या जागी भाजीचा ठेला दिसतो आणि गाडी उचलून नेलेली असते.

मे, जून आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हे महिने सर्वांत चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन पस्तिशीच्या पुढे जातं, साँ-गियेमला चालायलाही जागा उरत नाही, आणि वणव्याचा धोका वाढला की काही डोंगरवाटा बंद होतात. वाटा चालू आहेत का, हे आदल्या संध्याकाळी पर्यटन कार्यालयात विचारून घ्या. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा धोका वेगळा असतो. समुद्रावरून आलेली दमट हवा सेव्हेनच्या डोंगरांना अडते आणि काही तासांत महिन्याभराचा पाऊस कोसळतो. फ्रान्सचं हवामान खातं, ‘मेतेओ-फ्राँस’, हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार इशारे देतं. नारिंगी आला की नदीकाठचा बेत रद्द करा. या भागात ओढ्यांवर बुटके फरशी पूल पुष्कळ आहेत. पावसात ते पाण्याखाली जातात आणि दर वर्षी माणसं गाडीसकट वाहून जातात ती बहुतेक अशाच ठिकाणी. फरशीवरून पाणी वाहताना दिसलं तर खोली किती असेल याचा अंदाज बांधत बसू नका, गाडी मागे वळवा.

गाडीबद्दल

बस आहेत, पण खेड्यांकडे जाणाऱ्या मोजक्याच, आणि रविवारी त्याहून कमी. त्यामुळे भाड्याची गाडी लागतेच. आरक्षण करताना ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट निवडा, नाहीतर हातात गिअरची गाडी येते. अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडवतात. डेबिट कार्डावर बऱ्याच ठिकाणी गाडी मिळत नाही. परवाना फ्रेंचमध्ये नसेल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा.

इंधन भरताना एक चूक हमखास होते. पंपावर ‘गाझोल’ लिहिलेलं असतं आणि ‘गॅसोलीन’ची सवय असलेल्याला ते पेट्रोल वाटतं. गाझोल म्हणजे डिझेल. पेट्रोल ‘एसपी ९५’, ‘एसपी ९५-ई १०’ किंवा ‘एसपी ९८’ या नावाने मिळतं. टाकीच्या झाकणाच्या आत आणि पंपाच्या नळीवर सारखीच खूण असते. पेट्रोलची गोल, डिझेलची चौकोनी. आकार जुळला तरच नळी आत घाला. चुकून दुसरं इंधन गेलंच तर गाडी अजिबात सुरू करू नका. सुरू केली की ते इंजिनापर्यंत पोहोचतं आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

रस्ते उत्तम आहेत, पण दोन नियम अंगवळणी पडेपर्यंत सावकाश चालवा. पहिला, चौकात कोणताही फलक नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो. पांढऱ्या किनारीचा पिवळा तिरका चौकोन दिसला की तुमचा रस्ता मुख्य. त्याच चौकोनावर काळी रेघ मारलेली असेल तर तो हक्क संपला. दुसरा नियम वेगाचा. लाल किनारीच्या पांढऱ्या पाटीवर गावाचं नाव आलं की वेगमर्यादा ५०, जरी ५० चा आकडा कुठेही लिहिलेला नसला तरी. पुढे ३० चे फलकही भेटतात. तेच नाव तिरक्या रेघेने खोडलेलं दिसलं की गाव संपलं. गावाबाहेरच्या, दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर सहसा ८०, काही ठिकाणी ९०.

गावाचं घड्याळ

बारा ते दोन सगळं बंद असतं. दुकान, पर्यटन कार्यालय, टपाल, अनेकदा पेट्रोलपंपाची खिडकीसुद्धा. याच वेळात जेवण मिळतं आणि नंतर मिळत नाही. दीड वाजून गेला की स्वयंपाकघर आवरायला घेतलेलं असतं, आणि अडीचला पोहोचलेल्याला कॉफीवर समाधान मानावं लागतं. म्हणून ठिकाणं सकाळी साडेआठ ते बारा आणि दुपारी चारनंतर पाहा. मधला वेळ जेवणाचा आणि सावलीचा. रविवारी दुपारपासून खेड्यात काही मिळेल असं धरून चालू नका. शनिवारी पाव, फळं, चीज घेऊन ठेवा.

कोणत्याही दुकानात शिरताना आधी ‘बाँझूर’ म्हणा आणि मगच विचारा. हा नुसता शिष्टाचार नाही. ते न म्हणता थेट प्रश्न टाकला तर समोरच्याला तो उद्धटपणा वाटतो आणि उत्तरही तसंच मिळतं.

शाकाहारी माणसाने ‘साँ व्हियाँद, साँ प्वासों’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही सांगावं. शिवाय ‘साँ लार्दों’ हे वेगळं सांगावं, कारण गरम चीजच्या सॅलडवर डुकराच्या मांसाचे तुकडे टाकायची पद्धत आहे आणि ते बऱ्याच जणांच्या लेखी ‘मांस’ या शब्दात येत नाहीत. इथलं पेलार्दों हे बकरीच्या दुधाचं छोटं चपटं चीज चवीला फार सुरेख असतं, पण ते जनावराच्या रेनेटने, म्हणजे वासरासारख्या जनावराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने विरजलेलं असतं, हे कडक शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सालागू

तळ्याकाठची माती खरोखर विटेसारखी लाल आहे. पर्मियन काळातला, म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा हा गाळाचा खडक लोहामुळे तांबडा झालाय. स्थानिक लोक त्याला ‘र्‍युफ’ म्हणतात. मधूनमधून ज्वालामुखीच्या काळ्या बसाल्टच्या टोप्या दिसतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात जा. दुपारी हाच रंग फिका पडतो आणि काठावर सावली जवळपास नसतेच.

हे तळं मुळात धरणाचं आहे. १९६९ मध्ये पाणी भरलं, आणि सेल गावच्या लोकांना घरं सोडावी लागली. पाण्याची पातळी दुसऱ्या टप्प्यात आणखी वाढवायची होती, ती वाढवलीच नाही. पाणी गावाच्या पायथ्याशी येऊन थांबलं आणि रिकामी केलेली घरं कोरडीच राहिली. सेल अवश्य पाहा, पण पडक्या घरांत शिरू नका. भिंती सैल आहेत आणि दुरुस्तीची कामं चालू असतात. गाडी फलक लावलेल्या वाहनतळावरच ठेवा आणि आत काहीही दिसेल असं सोडू नका, रिकामी पिशवीसुद्धा. काच फोडून चोरी हा इथल्या वाहनतळांचा जुना त्रास आहे.

तळ्याभोवतीची पूर्ण वाट पंचवीस किलोमीटरच्या पुढे जाते. सायकलने अर्धा दिवस लागतो, पायी पूर्ण दिवस. प्रत्येकी निदान दोन लिटर पाणी घ्या. पावसानंतर दोन दिवस मात्र ही वाट टाळा. ओला र्‍युफ चिकणमातीसारखा बुटांना आणि सायकलच्या चाकांना थापला जातो, आणि कपड्यांवरचा लाल डाग सहसा जात नाही.

इंजिनाच्या बोटींना बंदी असल्यामुळे पाणी शांत असतं. वारा मात्र शांत नसतो. वायव्येकडून ‘त्रामोंतान’ सुटला की हवा भरलेली, उभं राहून वल्हवायची फळी घेऊन उतरलेला माणूस काही मिनिटांत तळ्याच्या मध्यावर जातो, आणि परत वल्हवणं वाऱ्याविरुद्ध होतं. निघताना आधी वाऱ्याविरुद्ध, म्हणजे तोंडावर वारा घेत जा, येताना तोच तुम्हाला आणेल. किनाऱ्यावर तंबू ठोकणं आणि आग पेटवणं, दोन्हीला मनाई आहे. लाल उतारांवर काळे दगड मांडून लिहिलेली नावं दिसतील, त्यात भर घालू नका. उचललेल्या दगडाखालची माती पुढच्या पावसात वाहून जाते.

मूरेझ आणि विलनव्हेत

मूरेझचे सुळके डोलोमाइटचे, म्हणजे चुनखडीसारख्या एका खडकाचे आहेत. पाण्याने खडकाचा मऊ भाग विरघळत गेला, कठीण भाग खांबांसारखा उभा राहिला आणि सुटलेल्या कणांची वाळू पायवाटेवर पसरली. खडकावर पसरलेल्या या वाळूवरूनच पाय घसरतात, म्हणून चप्पल नको, खाचांच्या तळव्याचे बूट घाला. छोटी फेरी दीड-दोन तासांची आहे. दम असेल तर पुढे लिओसोंच्या डोंगरमाथ्यावर चढा. तो पाचशे मीटरच्या वर आहे आणि तिथून एका बाजूला सुळके, दुसऱ्या बाजूला सालागू असं दोन्ही एकदम दिसतं. छोट्या वाटांची खूण पिवळी, लांब पल्ल्याच्या वाटांची पांढरी-लाल. फुली दिसली की तुम्ही चुकीच्या फाट्यावर आहात. मागच्या खुणेपर्यंत परत या, आडवाटेने कापू नका. सुळक्यांच्या गल्ल्या एकसारख्या दिसतात आणि चकवा लागतो.

परतताना विलनव्हेतला अर्धा तास थांबा. सतराव्या शतकात, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या काळात राजाश्रय मिळालेली ही कापडाची गिरणी. कामगारांची घरं, चर्च, पाण्याचे पाट, सगळं एका वेशीच्या आत. वेशीवर कोरलंय ‘ऑनर ओ त्राव्हाय’, श्रमाला मान. आत आजही लोक राहतात, तेव्हा खिडक्यांतून डोकावू नका.

साँ-गियेम-ल-देझेर

सकाळी नऊच्या आत पोहोचा. त्यानंतर गावाच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागते. उन्हाळ्यात खाली सैतानाच्या पुलापाशी, म्हणजे पों द्यु द्याब्लजवळ गाडी ठेवून बसने वर जाणं शहाणपणाचं. अकराव्या शतकातला हा पूल साँ-गियेमच्या मठासोबत १९९८ पासून जागतिक वारशात आहे. पुलाखाली एरो नदीत पोहता येतं. पुलावरून उडी मारायला बंदी आहे, आणि ती पाळा, कारण पात्रात खडक आहेत आणि पाण्याची खोली ऋतूप्रमाणे बदलते.

मठ ८०४ सालचा. सम्राट शार्लमाञचा नातलग आणि सेनानी गियेम याने तो स्थापला. आत गेल्यावर ओवऱ्या अर्धवट दिसतात. राज्यक्रांतीनंतर त्यांचे कोरीव खांब विकले गेले, आणि त्यांतले बरेच आता न्यूयॉर्कच्या ‘द क्लॉइस्टर्स’ संग्रहालयात उभे आहेत. उरलेलं नीट पाहायला अर्धा तास ठेवा.

मग वरच्या गल्ल्यांतून सावकाश चाला आणि दारांकडे बघा. काही दारांवर ताटलीएवढं वाळलेलं काटेरी फूल खिळ्याने ठोकलेलं असतं. त्याचं नाव कार्दाबेल. हवा कोरडी असली की त्याच्या कडेच्या पाकळ्यांसारख्या पात्या उघडतात, दमट झाली की मिटतात. मेंढपाळ त्यावरून पावसाचा अंदाज घेत. पात्या मिटलेल्या दिसल्या तर दुपारच्या डोंगरफेरीचा फेरविचार करा. डोंगरात हे फूल दिसलं तर तोडू नका, ते आता दुर्मीळ झालंय. भिंतींवर शिंपल्याची खूणही दिसेल. स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी यात्रेकरूंची वाट याच गावातून जाते.

लारझाकवर

ला कुव्हर्त्वारादला जाताना ए ७५ महामार्ग एकदम पठारावर चढतो. पथकर नाही, पण वर धुकं आणि वारा असतो, आणि तापमान खालच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी कमी. जूनमध्येही जाकीट सोबत ठेवा. किल्ला टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांनी बाराव्या शतकात बांधला. त्यांचा पंथ १३१२ मध्ये बरखास्त झाल्यावर हॉस्पिटलर या तशाच दुसऱ्या पंथाकडे गाव आलं, आणि आजची तटबंदी त्यांनी पंधराव्या शतकात उभारली. तटावर चालायला तिकीट लागतं. पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, तेव्हा लहान मुलांचा हात धरा.

वेशीबाहेरचा दगडी तळाचा उथळ गोल हौद चुकवू नका. त्याला ‘लाव्होञ’ म्हणतात. चुनखडीचं पठार पाणी धरून ठेवत नाही, पडलेला पाऊस भेगांतून थेट खाली जातो. म्हणून मेंढ्यांना प्यायला पाणी साठावं यासाठी असे हौद फरसबंद केले. याच पठारावरच्या मेंढ्यांच्या दुधाचं रोकफोर चीज होतं. हौदातलं पाणी माणसांनी पिऊ नये. गावातल्या नळावरही ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर ते पिण्याजोगं नाही. अंधार पडायच्या आत खाली उतरा. पठारावरच्या रस्त्यांवर संध्याकाळी रानडुकरं आणि हरणं अचानक आडवी येतात.