कन्सोलवर ओळी रखडतात? आधी फ्रेमबफरचं मॅपिंग तपासा

मी दिवसभर लिनक्सच्या साध्या कन्सोलवर, म्हणजे नुसत्या मजकुराच्या पडद्यावर काम करते, डेस्कटॉप लावतच नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल होताना ओळी झरझर सरकायला हव्यात. त्या रखडल्या की माझा पहिला संशय प्रोसेसरवर नसतो, फ्रेमबफरच्या मॅपिंगवर असतो. फ्रेमबफर म्हणजे पडद्यावरचं चित्र ज्या मेमरीत असतं ती जागा, आणि मॅपिंग म्हणजे प्रोसेसरने त्या मेमरीशी कसं वागायचं ते कर्नलने ठरवणं.

१९२० बाय १०८० चा पडदा, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पूर्ण पडदा ८२,९४,४०० बाइटचा. स्क्रोल झालं की यातला बराचसा भाग पुन्हा लिहावा लागतो. ही मेमरी कर्नलने अनकॅश्ड, म्हणजे मध्ये कुठेही न साठवता, मॅप केली असेल तर प्रत्येक लहानसहान राइट (लिहिणं) बसवरून, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डामधल्या वाटेवरून, वेगळा जातो. राइट-कम्बाइनिंग असेल तर प्रोसेसर ते राइट साठवतो आणि साधारण ६४ बाइटचा गठ्ठा एकदम पाठवतो. एकेक वीट नेण्याऐवजी घमेलं भरून न्यावं तसं. रीड मात्र याने वेगवान होत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

काहीही बदलण्याआधी मोजा. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून खऱ्या कन्सोलवर जा आणि एखादी मोठी लॉग फाइल ‘टाइम कॅट’ने पडद्यावर ओता. दोनदा चालवा आणि दुसऱ्या वेळचा ‘रिअल’ आकडा टिपून ठेवा, कारण पहिल्यांदा डिस्कचा वेळही त्यात मिसळतो. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून जोडून) किंवा टीमक्सच्या (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या देणारा प्रोग्रॅम) आत मोजलंत तर तो आकडा फ्रेमबफरचा नसतो.

मग /प्रॉक/एफबी वाचा, त्यात चालू फ्रेमबफर ड्रायव्हरचं नाव असतं. तिथे आय९१५ (इंटेलचा) किंवा एएमडीजीपीयूचं (एएमडीचा) नाव दिसलं तर कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर चालू आहे, मॅपिंग तोच सांभाळतो, आणि या लेखातलं पुढचं तुम्हाला लागू नाही. ‘ईएफआय व्हीजीए’ किंवा ‘व्हेसा व्हीजीए’ दिसलं, तर अनुक्रमे ईएफआयएफबी किंवा व्हेसाएफबी हा साधा, कुठल्याही कार्डावर चालणारा ड्रायव्हर आहे. मग आधी बूटच्या ओळीत (सुरू होताना कर्नलला दिलेल्या पर्यायांत) कार्डाचा ड्रायव्हर रोखणारा जुना ‘नोमोडसेट’ राहून गेलाय का ते बघा. इन्स्टॉल करताना घातलेला हा शब्द लोक काढायचं विसरतात, आणि चांगलं कार्ड असूनही साध्या ड्रायव्हरवर दिवस काढतात. तो काढून खरा ड्रायव्हर चढत असेल तर यापेक्षा चांगला उपाय नाही.

तसं नसेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) फ्रेमबफरचा पत्ता शोधा. ईएफआयएफबी तो स्वतः छापतो, सोबत आकारही. वरच्या पडद्यासाठी तिथे ८१०० के दिसेल. आता रूट होऊन /सिस/कर्नल/डीबग/एक्स८६ मधली ‘पॅट मेमटाइप लिस्ट’ (पॅट म्हणजे मेमरीच्या प्रत्येक पानाचा प्रकार ठरवणारी प्रोसेसरची सोय) उघडा आणि तोच पत्ता शोधा. समोर ‘राइट-कम्बाइनिंग’ असेल तर मॅपिंग ठीक आहे. ‘अनकॅश्ड-मायनस’ असेल तर दुखणं सापडलं.

ईएफआयएफबीवर बूटच्या ओळीतून राइट-कम्बाइनिंग बंद करणारा ‘नोडब्ल्यूसी’ काढा, आणि पॅट बंद करणारा ‘नोपॅट’ असेल तर तोही. नव्या कर्नलमध्ये पॅट चालू असेल तर एमटीआरआरला (मेमरीच्या मोठ्या पट्ट्यांचा प्रकार ठरवणारी प्रोसेसरची जुनी सोय) हात लावू नका. जुन्या कर्नलवर व्हेसाएफबी असेल तर व्हिडिओच्या पर्यायात ‘एमटीआरआर:३’ द्या. ३ म्हणजे राइट-कम्बाइनिंग.

जुन्या मशीनवर हे हातानेही करता येतं. /प्रॉक/एमटीआरआर मध्ये बेस, साइज आणि टाइप असलेली एक ओळ लिहायची. साइज २ च्या घातात लागते, म्हणून ८१०० के साठी पूर्ण ८ मेगाबाइट द्या, आणि बेस त्याच साइजच्या पटीत हवा. लिहिण्याआधी ती फाइल नीट वाचा. बायॉसने तोच भाग ‘अनकॅशेबल’ म्हणून आधीच व्यापला असेल, तर दोन नोंदी एकमेकींवर आल्यावर अनकॅशेबलचंच चालतं आणि तुमची ओळ वाया जाते. अशा वेळी पॅटचाच रस्ता उरतो, कारण पॅटमधलं राइट-कम्बाइनिंग एमटीआरआरच्या अनकॅशेबलवर मात करतं.

३२ बिट मशीनवर व्हेसाएफबीला ‘वायपॅन’ही देऊन बघा. त्यात मजकूर पुन्हा न लिहिता पडदा कुठून दाखवायचा तो पत्ताच सरकवला जातो. ६४ बिटवर ही सोय नाही.

बदल केल्यावर तीच फाइल पुन्हा ओता आणि आकडे शेजारी ठेवा.

सर्व्हरवर मात्र एक गोष्ट उलटी जाऊ शकते. कन्सोलवर प्रचंड मजकूर ओतला जात असेल, तर काही मशीनवर राइट-कम्बाइनिंगमुळे बाकीचे कोर मंदावतात. ‘नोडब्ल्यूसी’ हा पर्याय त्यासाठीच ठेवलेला आहे. तिथे मी आधी ‘डीमेसेज -एन’ने कन्सोलवर येणारे संदेश कमी करते, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच ‘नोडब्ल्यूसी’ लावते.